पहिला घास वासराला: माळावरची पाळीची चराई आणि खिलार वासरांची वाढ

दोन-तीन चांगले पाऊस झाले की सोलापूर जिल्ह्यात सांगोला-मंगळवेढ्याकडचा माळ आठ दिवसांत हिरवा दिसायला लागतो. लांबून बघितलं तर वाटतं, आता गुरांची चंगळ. जवळ जाऊन खाली बसलं की कळतं, गवत बोटभरसुद्धा वाढलेलं नाही आणि निम्म्या जागेत अजून मुरूमच दिसतोय. नेमकं याच वेळी आपण उन्हाळाभर कडब्यावर काढलेली गुरं मोकळी सोडतो. ती दिवसभर फिरतात, कोंब उगवेल तसा खुडतात आणि संध्याकाळी पोट खपाटीला लावून घरी येतात. सप्टेंबरात पाऊस जोर धरतो तेव्हा त्या गवतात वाढायचं बळच उरलेलं नसतं.

यावर उपाय म्हणून अलीकडे पाळीची चराई, म्हणजे चक्राकार चराई सांगितली जाते. माळाचे कप्पे पाडायचे, गुरं एका कप्प्यात काही दिवस ठेवायची, मग पुढच्या कप्प्यात न्यायची, बाकीच्या कप्प्यांना विश्रांती द्यायची. कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी बघितली आहे त्यांना ही कल्पना नवी नाही. पण या पद्धतीनं वासरं आपोआप वाढतात असं जे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. गवत कसं वाढतं आणि वासरू कसं वाढतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सांगड घालावी लागते, आणि ती कशी घालायची हेच इथं सोपं करून सांगायचं आहे.

आधी गवत समजून घेऊ

गवताच्या वाढीचे तीन टप्पे असतात. खुडलेलं गवत सुरुवातीला हळू वाढतं, कारण त्याच्याकडे पानंच नसतात. पानं नाहीत म्हणजे उन्हातून अन्न तयार करायची सोय नाही. बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्या शिदोरीवर ते पहिली दोन-चार पानं काढतं. पानं पुरेशी झाली की दुसरा टप्पा, झपाट्याच्या वाढीचा. रोज बघाल तर रोज फरक दिसेल. मग तुरा यायला लागतो, काडी कडक होते, वाढ मंदावते. हा तिसरा टप्पा. गवत दिसायला भरपूर, पण पोषण उतरलेलं.

चारायची वेळ म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा शेवट, तुरा डोकावायच्या आधी. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या टप्प्यात पुन्हा तोंड लावू देणं. फ्रान्समधले शास्त्रज्ञ आणि शेतकरी आंद्रे व्हॉइझाँ यांनी 1950 च्या दशकात नेमकं हेच मांडलं. गाय एका जागी जास्त दिवस राहिली की आधी खाल्लेल्या बुडख्याला कोवळा फुटवा येतो. तो गोड असतो, म्हणून ती बाकीचं सोडून तोच पुन्हा खाते. हा दुसरा घास गवताला मारतो. पहिल्या घासानं गवताचं फार बिघडत नाही.

मुळांचंही असंच आहे. निम्म्यापर्यंत पाला गेला तर मुळांची वाढ फारशी थांबत नाही. ऐंशी टक्के पाला काढला तर मुळं काही दिवस पूर्ण थांबतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही तुटक, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप ठरलेली. अशा ठिकाणी उथळ मुळाचं गवत पहिल्याच उघडीपीत पिवळं पडतं, खोल मुळाचं तग धरतं. म्हणून अर्धं खायला, अर्धं ठेवायला, हा हिशेब आपल्याकडे इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त पाळायला हवा.

माळ किती बदलू शकतो हे ज्यांना बघायचं आहे त्यांनी नान्नजच्या माळढोक अभयारण्यातलं राखीव गवत पावसाळ्याच्या शेवटी रस्त्यावरून तरी बघावं आणि मग शेजारच्या गायरानाकडे नजर टाकावी. पाऊस तोच, जमीन साधारण तशीच. एकीकडे चांगल्या जातीचं गवत गुडघ्याला लागतं, दुसरीकडे कुसळी आणि तरवड. सतत चरलेल्या माळावरून सगळ्यात आधी मारवेल, पवन्या आणि डोंगरी ही चवीची गवतं नाहीशी होतात, कारण गुरं तीच निवडून खातात. मागं उरतं ते गुरांनी टाकलेलं.

आता वासरू

खिलार या आपल्या देशी जातीचं वासरू जन्मतं साधारण वीस-बावीस किलोचं. डोक्यावर तांबूस झाक असते, ती दोन-तीन महिन्यांत जाते. या वेळी त्याचं पोट गवतासाठी तयार नसतं. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातला सगळ्यात मोठा कप्पा, म्हणजे रवंथाचं मोठं पोट, नवजात वासरात नावालाच असतो. तो वाढतो चारा आणि भरडा खाल्ल्यावर, आणि नीट कामाला लागायला तीन-चार महिने जातात. तोवर वासरू दुधावरच वाढतं. खिलार गाय दूध बेताचंच देते, त्यात घरचा चहा आणि उरलं तर डेअरी. वासराच्या वाट्याला शेवटी एक सड. पुढे दोन वर्षं कितीही चांगलं कुरण मिळालं तरी पहिल्या सहा महिन्यांतली ही तूट पूर्ण भरून निघत नाही. चराईचं बोलण्याआधी हे सांगितलंच पाहिजे. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक, पहिले तीन महिने निदान दोन सड वासराला, ही पहिली गुंतवणूक.

सहा महिन्यांनंतर वासरू खऱ्या अर्थानं चरणारं होतं. पण गाय चरते आणि वासरू चरतं यात फरक आहे. गुराला वरचे पुढचे दात नसतात. गाय जिभेचा वेढा घालून गवताचा झुबका ओढते आणि तोडते, त्यात पान, काडी, तुरा सगळं येतं. वासराचं तोंड लहान, ते पान निवडून घेऊ शकतं. त्याला ते घ्यावंही लागतं, कारण किलोमागं गरज गाईपेक्षा जास्त आणि पोटाची पिशवी लहान. कडक काडीनं पिशवी भरली तर दुसरं काही मावत नाही. पोट टम्म दिसतं, पाठीचा कणा मात्र मोजता येतो. आपण त्याला पोटाळलेलं वासरू म्हणतो आणि जंताचं औषध पाजतो. जंत असतातही, पण बऱ्याचदा खरं दुखणं म्हणजे पोटात नुसती काडी.

आकड्यात सांगायचं तर मोठ्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना काम करायला चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिनं लागतात. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात आठ ते बारा टक्के असतात. दिवाळीनंतर वाळलेल्या, तुरा झडलेल्या गवतात दोन ते चार टक्केच उरतात. सातच्या खाली गेलं की सूक्ष्मजीव उपाशी, चारा पोटात पडून राहतो, जनावर कमी खातं. समोर वाळल्या गवताची गंज आहे आणि वासरू सुकतंय, हे असं घडतं.

रोजच्या वाढीतला थोडा फरक किती महाग पडतो ते बघा. जन्माचं वजन सोडून कालवडीला भरवण्याजोगं, म्हणजे गाभण राहण्याजोगं व्हायला आणखी दोनशे किलो वाढायचं आहे असं धरू. रोज 200 ग्रॅम वाढली तर 1000 दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. रोज 300 ग्रॅम वाढली तर 667 दिवस, म्हणजे दोन वर्षांच्याही आत. शंभर ग्रॅमचा फरक, आणि पहिलं वेत अकरा महिने अलीकडे येतं. खोंडाचंही तेच. बाजारात आदत (पक्के दात न आलेलं), दुसा (दोन दातांचं), चौसा (चार दातांचं) असा दातावर भाव ठरतो. दात वयानं येतात, उंची आणि छाती मात्र खाण्यानं येते. दोन दात लावलेलं पण अंगानं आदतीएवढं खोंड घेऊन पंढरपूरजवळच्या वाखरीच्या कार्तिकी बाजारात उभं राहिलेल्या माणसाची अडचण ज्यानं बघितली त्याला जास्त सांगायला नको. डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी मिळाल्यापासून आणि 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं या शर्यतींना मोकळीक देणारा राज्याचा कायदा कायम ठेवल्यापासून चांगल्या खिलार खोंडाला गिऱ्हाईक आहे. नसतं तरी मी हेच लिहिलं असतं, कारण अंगानं खुरटलेली कालवड आयुष्यभर खुरटीच गाय होते.

मग गडबड कुठं होते

कोलोरॅडो हे अमेरिकेतलं कोरडं राज्य. तिथल्या गवताळ माळावर 2014 पासून एक मोठा प्रयोग झाला. एका बाजूला वर्षभराची खोंडं दहा वेगवेगळ्या कुरणांत वाटून हंगामभर तिथंच ठेवली. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच खोंडांचा एकच मोठा कळप करून तो तशाच दहा कुरणांतून पाळीनं फिरवला. जमीन तेवढीच, जनावरं तेवढीच. निकाल असा की पाळीनं फिरवलेल्या खोंडांची वजनवाढ 12 ते 16 टक्क्यांनी कमी भरली.

हे वाचल्यावर मला माझ्या माळावरचा पहिला पावसाळा आठवला. मीही कप्पे पाडले होते, झटका मशीनची, म्हणजे विजेचा हलका धक्का देणारी एक तार ओढली होती, आणि मनात एकच होतं: कप्पा नीट साफ झाल्याशिवाय गुरं हलवायची नाहीत. तीन गाई, पाच वासरं, सगळी एकत्र. गाई पहिल्या दिवशीच वरचा पाला ओढून घ्यायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वासरं काड्या चघळत उभी राहायची. माळ सुंदर दिसत होता, शेजारी बघायला यायचे. आणि धाकट्या कालवडीच्या छातीला लावलेला टेप महिनाभर एकाच आकड्यावर अडून बसला होता. चूक पाळीची नव्हती. वासराला निवड करू न देता मी त्याच्याकडून कप्पा साफ करून घेत होतो.

कोलोरॅडोतही कारण याच जातीचं होतं. मोठा कळप एका जागी दाटला की प्रत्येकाला निवडून खायची मोकळीक कमी मिळते, आणि पाळी येईपर्यंत पुढचं गवत जून होतं. तेव्हा पाळीची चराई ही गवताची सोय आहे. वासराची सोय आपल्याला त्यात वेगळी करावी लागते.

ती अशी. कप्पा उघडला की पहिल्यांदा फक्त वासरं आत सोडायची. ती कोवळी टोकं, पानं, शेंगांचे वेल निवडून खातील. वरचा तिसरा हिस्सा संपत आला की त्यांना पुढच्या नव्या कप्प्यात न्यायचं आणि मागच्या कप्प्यात गाई आणि बैल सोडायचे. त्यांचं पोट मोठं, काडी पचवायची ताकद जास्त, ती उरलेलं खाऊन घेतात. जमिनीपासून चार बोटं गवत राहिलं की तीही बाहेर. मोठी जनावरं मागून येतात, पण उपाशी राहत नाहीत. दोन कप्प्यांमध्ये फक्त वासरू जाईल एवढी फट ठेवली तरी हे काम होतं. आमच्याकडे दोन मेढींमध्ये दीड-पावणेदोन फुटांची फट आहे. सकाळी वासरं एकामागून एक त्यातून पुढच्या कप्प्यात शिरतात, गाई तारेपाशी उभ्या राहून हंबरतात आणि मग मान खाली घालून आपल्या कामाला लागतात.

तारेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. झटका मशीनच वापरायचं, ते क्षणभराचा धक्का देऊन थांबतं. थेट लाइनची वीज तारेत सोडणं म्हणजे जनावराचा आणि माणसाचा जीव घेणं.

कप्पे किती, दिवस किती

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद काठ्यांची चौकट करा. माळावर मध्यम गवताच्या चार-पाच जागी ती ठेवा, आतलं गवत विळ्यानं जमिनीलगत कापा, उन्हात कडकडीत वाळवा, तोला. सरासरी चौकटीला 100 ग्रॅम भरलं तर एकरी साधारण 400 किलो वाळलेलं गवत उभं आहे. त्यातलं निम्मं ठेवायचं. म्हणजे हातात 200 किलो.

जनावर रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा खातं. सव्वाशे किलोची आठ वासरं म्हणजे हजार किलो, त्यांना रोज 30 किलो. अर्ध्या एकराच्या कप्प्यात 100 किलो हाताशी आहे, तो तीन दिवस पुरेल. पावसाळ्यात गवताला सावरायला महिनाभर तरी द्यायचा असेल तर असे बारा कप्पे लागतात: एका कप्प्यात तीन दिवस, उरलेल्या अकरांत फिरायला तेहेतीस दिवस. सहा एकर झाले. मागून चार गाईही सोडायच्या तर त्यांना रोज आणखी पस्तीस किलो लागतं, आणि तोच कप्पा दीड दिवसात आटोपतो.

हा हिशेब बघून बरेच जण नाराज होतात. पण पाळीच्या चराईनं गवत हवेतून तयार होत नाही. जनावरं माळाच्या ताकदीबाहेर असतील तर कप्पे पाडा नाहीतर पाडू नका, माळ उघडा पडणारच. जमीन कमी असेल तर चांगला माळ वासरांना द्यावा आणि गाई-बैलांना गोठ्यात वैरण घालावी. पाऊस आणि पोषण दोन्ही एकत्र मिळण्याचे दिवस वर्षात जेमतेम चार महिने असतात. ते वाढत्या जनावराच्या वाट्याला यावेत.

आणि दिवस कॅलेंडरवर ठरवू नका. ऑगस्टात पंधरा दिवस उघडीप पडली तर तेहेतीस दिवसांनंतरही कप्पा तयार नसतो. अशा वेळी गुरं लवकर-लवकर पुढे ढकलली तर गवत आणखी मागे पडतं. त्यांना चार दिवस घरी बांधून कडबा टाकायचा आणि माळाला सावरू द्यायचं. सप्टेंबरात उलट होतं. गवत इतकं भराभर वाढतं की पाळी येईपर्यंत तुरे निघतात. तेव्हा दोन-तीन कप्पे चराईतून काढून कापून वाळवावेत. फुलोऱ्याला कापलेलं गवत डिसेंबरात कापलेल्या गवतापेक्षा कितीतरी पौष्टिक असतं. आपल्याकडे गवत पूर्ण वाळल्यावर कापायची सवय आहे. पावसाची भीती हे त्याचं खरं कारण, पण दोन उन्हाचे दिवस साधता आले तर साधावेत.

ज्या कप्प्यात कुसळी जास्त, तो आधी चारून घ्यावा. कुसळी कोवळी असताना गुरं ती आवडीनं खातात. आश्विनात तिचं कुसळ तयार झालं की ते वासराच्या हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात घुसतं. लाळ गाळत उभ्या राहिलेल्या वासराचं तोंड उघडून एकदा बघावं, जिभेखाली काळं अणकुचीदार कुसळ रुतलेलं सापडतं.

माळावर स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी पावसाच्या तोंडावर टाकलं तर शेंगवर्गी असल्यानं चाऱ्यातली प्रथिनं वाढतात. मारवेलाचे सुधारित वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिले आहेत, बांधावर आणि नालीकडेला ठोंबं लावली की टिकतात. पण पेरणी किंवा लावण केलेल्या कप्प्यात पहिल्या वर्षी जनावर नको.

जंत, पाणी, क्षार

शेणातून पडलेल्या जंतांच्या अंड्यांतून ओल्या-उबदार हवेत आठवड्याभरात अळी तयार होते आणि दवाच्या पाण्यावरून गवतावर चढते. ती बहुतेक खालच्या दोन-तीन इंचांतच असते. वासरांना तीन दिवसांत हलवलं आणि चार बोटं गवत शिल्लक ठेवलं तर ती आपल्याच शेणातल्या अळ्या पोटात घेत नाहीत. सगळ्या अळ्या महिन्याभरात मरत नाहीत, त्यामुळे औषध बंद करू नये. जन्मानंतर दहा-पंधरा दिवसांनी पहिला डोस, पुढे सहा महिन्यांपर्यंत पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं महिन्याला एक. एप्रिल-मेच्या उन्हानं मात्र आपला माळ बराच धुऊन निघतो, हा कोरड्या मुलखाचा फायदा.

फऱ्या या रोगाबद्दल मुद्दाम लिहितो. सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या जनावरालाच तो पावसाळ्यात जास्त धरतो. पुढचा किंवा मागचा फरा सुजतो, दाबला तर चरचर आवाज येतो, आणि दिवसा-दोन दिवसांत जनावर जातं. वर्षभर जपून वाढवलेलं खोंड असं गेलं की घरात कुणी जेवत नाही. फऱ्या आणि घटसर्पाची लस पावसाळ्याच्या आधी टोचून घ्यायलाच हवी. 2022 च्या लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीनंतर तिची लसही यात आलीच.

उकाड्यात पाणी माळावरच हवं. दोन किलोमीटर चालून ओढ्यावर जाणारं वासरू खाल्लेलं चालण्यात घालवतं. कप्पे पाण्याच्या टाकीभोवती पाडता आले तर उत्तम. वासरू भिंत चाटतं, चिंध्या चघळतं, माती खातं, तर बहुधा क्षार कमी पडताहेत. आपल्या वाळल्या चाऱ्यात स्फुरद कमी असतो. रोज पंधरा-वीस ग्रॅम क्षार मिश्रण भरड्यात द्यावं.

कोवळ्या ज्वारीपासून गुरं लांब ठेवावीत, विशेषतः ताण पडलेल्या किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या. तिच्यातल्या विषानं काही मिनिटांत जनावर आडवं होतं. माळाच्या शेजारी मालदांडी ज्वारीचं रान असेल तर त्या बाजूची तार दिवसातून दोनदा तपासावी.

दिवाळीनंतर काय

इथून पुढे कप्प्यांचा फारसा उपयोग राहत नाही. गवत वाढणं थांबलेलं असतं, विश्रांती दिली तरी वाढायचं काही नसतं. आता वासरांची वाढ गोठ्यात ठरते. कडबा कुट्टी करून, सोबत तुरीचा-हरभऱ्याचा भुसा आणि रोज तीनशे ते पाचशे ग्रॅम पेंड. एवढ्याशा पेंडीनं फरक पडतो तो त्या सात टक्क्यांमुळे: पोटातल्या सूक्ष्मजीवांना प्रथिनं मिळाली की ते कडबाही पचवून काढतात. युरिया प्रक्रिया केलेला चारा चांगला, पण सहा महिन्यांखालच्या वासराला नाही.

पंढरपूर-माळशिरसकडे उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक आणि तेच वासरांना रोज पडतं. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि हाडं बनवायच्या वयात ते परवडत नाही. वाढं द्यावंच लागलं तर कमी द्यावं, सोबत दुसरा चारा मिसळावा आणि चुन्याची निवळी पाजावी. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळातल्या चारा छावण्यांमध्ये वाढ्यावरच काढलेली जनावरं ज्यांनी सांभाळली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

उन्हाळ्यात थोडं आटलेलं वासरू पावसाळ्यात झपाट्यानं भरतं, हे आपण सगळेच बघतो. शास्त्रातही याला भरपाईची वाढ म्हणतात. पण तिला मर्यादा आहे. वर्षाच्या पुढचं वासरू दोन-तीन महिने जेमतेम खाऊन राहिलं, हाडं-चौकट शाबूत राहिली, तर चांगल्या गवतावर ते बरीचशी तूट भरून काढतं. सहा महिन्यांखालचं मात्र फारसं भरून निघत नाही. दिवाळीच्या सुमारास जन्मलेलं वासरू बरोबर मे महिन्यात दूध तुटण्याच्या वयात येतं, सगळ्यात भयंकर वेळी. घरात तशी वासरं असतील तर पेंडीचं पोतं आधी त्यांच्या नावावर.

आणि मोजणी

नजरेवर जाऊ नका. रोज बघणाऱ्याला वाढही दिसत नाही आणि खुंटलेलंही दिसत नाही. शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेराचा वर्ग करा, लांबीनं गुणा, 660 नं भागा, आलं वजन किलोत. घेर 44, लांबी 40 असेल तर 117 किलो. महिन्यानंतर घेर 45, लांबी साडेचाळीस झाली तर 124 किलो. महिन्यात सात किलो, म्हणजे रोज सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम.

अंदाजच आहे हा. टेप अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तर पावणेतीन किलोचा फरक पडतो. म्हणून मोजणी सकाळी पाणी पाजायच्या आधी, वासरू सपाट जागी चारही पायांवर सरळ उभं असताना, आणि दर वेळी एकाच माणसानं करायची. आमच्याकडे आई मोजते, मी वासराची मान धरतो, आणि आकडे गोठ्याच्या आतल्या दारावर खडूनं लिहिले जातात. लागोपाठ दोन महिने आकडा हलला नाही तर आधी शेण बघायचं, मग कप्प्यात जाऊन गवत. काड्याच उरल्या असतील तर त्याच दिवशी पुढची तार उघडायची, मग मागच्या कप्प्यात गवत कितीही शिल्लक दिसो. ते गाईंना.